फुकू नको गो

राजाराम परुळेकरांनी सोल्डरिंग स्टेशन घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांची मुलगी अनुजा कॉलेजात होती, आणि ते घ्यायचं राहून गेलं तेव्हा अनुजाची मुलगी मनवा शाळेत जायला लागली होती. मधल्या काळात लोकांनी घरं घेतली, घरं विकली, लालबागच्या किती चाळी पडून त्यांचे टॉवर झाले, पण परुळेकरांचं स्टेशन काही ठरेना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे. इथे तर विघ्नंही नव्हती, नवरदेवच बोहल्यावर चढायला तयार नव्हता.

स्टेशन म्हणजे काही फार मोठी चीज नव्हे. तारांना डाग द्यायचा साधा सोल्डरिंग आयर्न भिंतीतल्या प्लगला लावला की तापत सुटतो, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. स्टेशनला एक डबा असतो, डब्यावर नॉब असतो. हवं तेवढंच तापवायचं आणि तेवढ्यावरच ठेवायचं. मग रेडिओच्या बोर्डावरची तांब्याची नाजूक पट्टी जळून उचलून येत नाही. जुना आयर्न फार तापला की परुळेकर त्याचा प्लग काढायचे, ओल्या स्पंजवर टेकवून बघायचे, पुन्हा प्लग लावायचे. आणि दर वेळी म्हणायचे की आता स्टेशन घ्यायलाच हवं.

परुळेकर परळच्या एका हॉस्पिटलात मशिनांच्या मेंटेनन्सला होते. दिवसभर हॉस्पिटलची मशिनं आणि संध्याकाळी हौस म्हणून रेडिओ. चाळीत ज्याचा रेडिओ मुका व्हायचा तो तो काखोटीला मारून त्यांच्या दारात हजर व्हायचा. पुढे रेडिओ लोकांच्या फोनमध्येच आला आणि दाराशी येणारे थांबले. परुळेकर थांबले नाहीत. ते घरचेच रेडिओ उघडून बसायला लागले, चांगले चालणारेसुद्धा.

ह्या कामाची एक गोम आहे. माणसाला हात दोन आणि काम तीन हातांचं. एका हातात तापलेला आयर्न, दुसऱ्या हातात चिमट्याने धरलेला पार्ट, मग वितळून डाग बसायचा ती सोल्डरची तार धरणार कोण? परुळेकरांच्या घरी ती कालिंदी धरायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. टेबल खोलीच्या मधोमध ओढायचं, खिडकीकडच्या खुर्चीत ते आणि समोरच्या स्टुलावर ही. पाठीमागे कुकर आणि पुढे नवरा, दोघांवरही लक्ष. ते "हां" म्हणाले की सोल्डर टेकवायचा, "बस" म्हणाले की उचलायचा. पुढे पुढे हां आणि बसचीही गरज उरली नाही. रेडिओत काय असतं हे तिला कधी कळलं नाही, पण सोल्डर केव्हा टेकवायचा ते तिच्या उजव्या हाताला पक्कं ठाऊक झालं होतं.

एक खोड मात्र गेली नाही. डाग बसला की ती वाकून त्यावर फुंकर मारायची. बाईचा जन्म शेगडीपाशी गेलेला, गरम दिसलं की फुंकायचं, मग ते दूध असो, नातीचा मऊ भात असो नाही तर सोल्डर. आणि फुंकलेला डाग बिघडतो. आपल्या आपण निवाला तर चांदीसारखा चकाकतो, फुंकला की मळकट होतो. आज चालेल, चार दिवसांनी खरखरायला लागेल. परुळेकर कपाळाला हात लावायचे. "फुकू नको गो! कितीदा सांगलंय तुका!" हे वाक्य त्या खोलीत फोडणीच्या वासाइतकं रोजचं होतं.

त्यांच्या घरचा स्वतःचा रेडिओ तपकिरी रंगाचा, चहाच्या आधणाबरोबर सकाळी सुरू व्हायचा. तो लागला की परुळेकर त्याच्याशी भांडायला लागायचे. रेडिओवरचा माणूस हवामान सांगायचा, हे म्हणायचे, खिडकीतून बघ जरा. तो शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, हे विचारायचे, तू कधी कलम लावलंस? बातम्या संपेपर्यंत त्या बिचाऱ्याला एकही वाक्य धड पुरं करता यायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तो रेडिओ मुका झाला. परुळेकरांनी संध्याकाळी उघडला. आतल्या कॉइलची केसासारखी तार तुटली होती. त्यांनी तिचं टोक साफ केलं, चिमट्यात धरलं, कालिंदीने सोल्डर पुढे केला, आणि आयर्न तापेचना. आतली तार जळून आयर्नच मेला होता. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. पण परुळेकर चिडले नाहीत, उलट खुशीत आले. "उद्या जावन स्टेशन घेवन येतंयच," ते म्हणाले. "तू पण चल."

"माका काय करूचा आसा थंय?" ती म्हणाली.

"चल गो. बघ तरी दुकान."

ती बरं म्हणाली. कुठली साडी नेसायची तेसुद्धा तिने मनात ठरवून ठेवलं. सकाळी परुळेकर उठलेच नाहीत.

दिवसकार्य झालं, गावची माणसं गावी गेली, अनुजा बंगळूरला परतली. टेबल तसंच मधोमध राहिलं, त्यावर पोट उघडं पडलेला रेडिओ, आणि त्याच्या कडेला कालिंदीचं एकटीचं ताट. चाळीत आवाज कमी नसतात. शेजारचा टीव्ही, गॅलरीतली भांडणं, खालचा इस्त्रीवाला. पण ते सगळे दुसऱ्यांच्या घरचे आवाज. तिच्या घरात सकाळी आधण उकळायचं आणि मग काहीच व्हायचं नाही. तिला त्या सकाळची भीती वाटायची. ती मुद्दाम उशिरा उठायला लागली होती, आणि जाग मात्र वेळेवरच यायची.

अनुजाचा रोज फोन यायचा. "आई, ते टेबल काढून टाक ना," ती म्हणाली. "मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा माझी आणि मनवाची गादी बसेल तिथे. बाबांचं सामान कुणाला तरी देऊन टाक. रेडिओ मी तुला नवा पाठवते, छान मिळतात आता."

कालिंदीला मुलीचा राग आला नाही. पोरगी चुकीचं काहीच बोलत नव्हती. पण एका तारेपायी अडलेला रेडिओ भंगारात द्यायचा हे तिला सोसेना. तिने मनाशी घट्ट धरलं होतं की तो रेडिओ एकदा सकाळी लागला की घर पुन्हा घरासारखं होईल. दुसऱ्याकडे दुरुस्तीला द्यावा? परुळेकरांचा रेडिओ परक्याच्या दुकानात? ते ऐकून परुळेकर स्वर्गातून परत आले असते, आणि परत येण्याची खात्री असती तर तिने दिलाही असता.

शेवटी फाल्गुनात एका शनिवारी ती ठरवलेली साडी नेसली, सवयीने टिकली लावली आणि निघाली. दुकानाचं कार्ड परुळेकरांच्या स्क्रूच्या डब्यात होतं. ऑपेरा हाउसला बसमधून उतरून ती विचारत विचारत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर पोचली. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावरच थांबावं. काउंटरमागे चाळिशीचा मालक होता, हितेंद्र.

"बोला काकी, काय देऊ?"

"सोल्डरिंग स्टेशन."

"कोणासाठी? मुलगा इंजिनीअरिंगला हाय काय?"

"ह्यांच्यासाठी," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं, इतक्या वर्षांची सवय जिभेवर होती. तिने कार्ड पुढे केलं. "लालबागचे परुळेकर."

हितेंद्रचा चेहरा फुलला. "अरे, परुळेकरकाका! आणि तुम्ही काकी! क्या बात है! म्हणजे शेवटी तुम्ही हो बोललात!"

"मी हो बोलले म्हणजे?"

"काका शनिवारी येणार. ये दिखाओ, वो दिखाओ. हा नॉबवाला, हा डिजिटल, चालू करून बघणार, गप्पा मारणार, चहा पिणार. मी बिल बनवायला पेन उचलला की बोलणार, थांब, घरी विचारून येतो. मी बोललो, काका, काकी एवढ्या कडक हायत? तर बोलायचे, तुला काय सांगू!"

हितेंद्र मनापासून हसला. कालिंदीचे कान तापले. ती कधी नाही म्हणाली होती? एकदाचं घेऊन टाका आणि माझं डोकं सोडवा, असं तीच दर महिन्याला सांगत होती. स्वतःचं काही ठरत नाही आणि खापर बायकोच्या माथी. लॅमिंग्टन रोडवरच्या एका अख्ख्या दुकानात ती इतकी वर्षं कजाग बाई म्हणून प्रसिद्ध होती, आणि तिला पत्ता नव्हता.

"पण बरेच महिने नाय आले," हितेंद्र म्हणाला. "तब्येत बरी हाय ना?"

आता सांगायला हवं होतं. कालिंदीने तोंड उघडलंही. तेवढ्यात तिच्या मनात आलं की ह्या दुकानात परुळेकर अजून गेलेले नाहीत. इथून ते घरी विचारायला गेलेत आणि कुठल्याही शनिवारी परत येतील. साऱ्या मुंबईत अशी एवढीच जागा उरली होती.

"बरे आहेत," ती म्हणाली. "गुडघे धरलेत. म्हणून मी आले."

हितेंद्रने काउंटरवर दोन्ही स्टेशनं मांडली. डिजिटलवर लाल आकडे चमकत होते. हा बेस्ट, साडेतीनशे डिग्री लावा आणि विसरून जा, असं तो सांगत होता. कालिंदीचा आकड्यांशी व्यवहार नव्हता. तिने नॉबवालं चालू करायला लावलं आणि ओला स्पंज मागितला.

"स्पंज?"

"द्या तर."

त्याने दिला. तिने आयर्न उचलून टेकवला. चर्रर्र असा लांब आवाज आला. फार तापलंय. तिने नॉब थोडा मागे घेतला, थांबली, पुन्हा टेकवला. अजून लांब. आणखी मागे. शेवटी आयर्न नुसता "चुस्" म्हणाला आणि गप्प झाला. हा तो आवाज. ह्या आवाजानंतर परुळेकर "हां" म्हणायचे. तिने कपाळावरची टिकली काढली आणि नॉबच्या काट्यासमोर डब्यावर चिकटवली.

हितेंद्र बघतच राहिला. "काकी, नंबर लिहिलेत ना त्याच्यावर!"

"ते तुमचे. ही माझी खूण."

"काकांना एवढी वर्षं नाय जमला तो फैसला तुम्ही दोन मिनिटात केला," तो म्हणाला आणि पॅक करायला लागला. मग त्याने खालून आणखी एक वस्तू काढली. जड बुडाचं छोटं स्टँड, त्याला दोन वाकणारे दांडे आणि दांड्यांच्या टोकांना चिमटे. "हा पण घ्या. तिसरा हात बोलतात ह्याला. तार हा पकडणार. हा असला की दुसऱ्या माणसाची गरजच नाय. काकांना किती वेळा दाखवला! हातात घ्यायचे, चिमटा उघडून बघायचे आणि परत ठेवायचे. बोलायचे, हा नको, आमच्या घरी आहे. आहे ना घरी?"

कालिंदीने तो चिमटा उघडला आणि मिटला.

"होता," ती म्हणाली. "द्या एक."

निघताना हितेंद्र म्हणाला, "काकांना बोला, आयर्नची टीप झिजली की बदलायला तुम्ही स्वतः या. शनिवार सुना जातो माझा."

"सांगते," ती म्हणाली.

बसमध्ये खिडकीपाशी बसून तिने परुळेकरांना यथेच्छ शिव्या घातल्या. घरी विचारून येतो म्हणे! घरी येऊन त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. शनिवारी आले की हातपाय धुवायचे, टेबल ओढायचे आणि म्हणायचे, चल गो, बस. शिव्या देता देता ती ह्या वाक्याशी आली आणि तिला रडू फुटलं. त्यांनी तो तिसरा हात का घेतला नाही ते तिला कळलं, आणि ते आता कळून उपयोग नव्हता. शेजारच्या बाईने जरा सरकून जागा करून दिली, विचारलं काही नाही. भायखळा गेलं तरी तिचे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आवरल्यावर ती कामाला बसली. उजेड खिडकीचा, म्हणून परुळेकरांच्या खुर्चीत बसली. बसली आणि तिला काहीच ओळखू येईना. ज्या बाजूला तुटलेली तार होती ती बाजूच दिसेना. मग लक्षात आलं, इतकी वर्षं तिने प्रत्येक रेडिओ समोरच्या स्टुलावरून पाहिला होता. तिला येत होतं ते सगळं उलट्या बाजूने येत होतं. ती उठली, टेबलाला वळसा घालून आपल्या स्टुलावर जाऊन बसली. रेडिओ लगेच ओळखीचा झाला. समोर रिकामी खुर्ची आली.

तिसऱ्या हाताच्या चिमट्यात तिने ती केसासारखी तार अडकवली. नॉब टिकलीवर आणला. स्पंज "चुस्" म्हणाला. आयर्न उजव्या हातात घेतला, सोल्डर डाव्या, आणि दोन्ही हात परक्याचे झाले. सोल्डर इकडे, आयर्न तिकडे. तिने हात बदलले. उजव्या हाताला सोल्डर मिळताच तो शहाणा झाला, त्याला शिकवावं लागलं नाही. डाव्या हातातला आयर्न आधी बाजूला घसरला, मग टेकला. "हां," ती स्वतःच म्हणाली. सोल्डर वितळून तारेभोवती बसला. "बस." तिने उचलला.

आणि फुंकर मारली.

मारली आणि तशीच वाकून राहिली. डाग डोळ्यांदेखत मळकट झाला. ती थांबली. नेमकं किती थांबायचं ते तिला ठाऊक होतं, कारण ओरडा यायला तेवढाच वेळ लागायचा. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. खाली कोणीतरी इस्त्रीचे कपडे मागत होतं. ह्या घरात तिला कोणी काही म्हटलं नाही.

तिने डोळे पुसले आणि पुन्हा आयर्न टेकवला. ह्या वेळी ओठ गच्च मिटून, श्वास धरून. डाग आपल्या आपण निवला. पांढरा, गोल, चकचकीत, परुळेकरांनी चाळीत फिरून दाखवला असता असा. तिने नवे सेल घातले आणि बटण फिरवलं.

आधी खरखर झाली. मग खरखरीतून एका माणसाचा आवाज वर आला आणि खोलीभर पसरला. जुना, ओळखीचा, थोडा नाकातला. आंब्यावर तुडतुडे पडलेत, मोहोराला फवारणी केव्हा करावी ते तो सांगत होता. कालिंदीला इतका आनंद झाला की ती टाळी वाजवणार होती. तिने हसून समोर बघितलं.

तो माणूस बोलत राहिला. पहिली फवारणी, दुसरी फवारणी, पाण्यात मिसळायचं प्रमाण. त्याचं प्रत्येक वाक्य पुरं होत होतं. तू कधी कलम लावलंस, असं त्याला कोणीच विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच तो सगळं शेवटपर्यंत सांगू शकला, आणि आभार मानून निघून गेला. मग गाणं लागलं. कालिंदीने ते अर्ध्यावर बंद केलं. घर आधीपेक्षाही गप्प झालं. सकाळी तिला रेडिओ नको होता, रेडिओला दिलेली उत्तरं हवी होती, आणि ती कुठल्या तारेने जोडता येतात ते परुळेकरांनी तिला शिकवलं नव्हतं.

रेडिओ मुका होता तोवर काम बाकी होतं. काम बाकी होतं तोवर समोरच्या खुर्चीतला माणूस जरासा उठून गेला होता, एवढंच. आता काम झालं होतं. आता टेबल भिंतीला लावायचं, मग विकायचं, मग तिथे गादी.

तिने सेल काढून ठेवले. स्टेशन पुन्हा चालू केलं, नॉब टिकलीशी आणला. आयर्न तापल्यावर त्या चकचकीत डागावर टेकवला. तो वितळून हलायला लागला तसा आयर्न उचलला, खाली वाकली आणि जाणूनबुजून, गाल फुगवून फुंकर मारली. मारत राहिली. डाग मळकट झाला, त्यावर बारीक खडे उठले. परुळेकरांना भोवळ आली असती असा ड्राय सोल्डर.

"बिघाडलो बघा," ती खुर्चीला म्हणाली. "मी फुकलंय. आता परत करूक व्हयो."

मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी अनुजाचा फोन आला तेव्हा कालिंदीने तिला सांगितलं की टेबल एवढ्यात काढता येणार नाही, बाबांच्या रेडिओचं काम अजून बाकी आहे.